नव्वदला स्टिअरिंग थरथरतं: गॅरेजला जाण्याआधी आणि गेल्यावर

पाऊस उघडला, शेतरस्ते वाळले की जळगाव–धुळे पट्ट्यातल्या व्हील बॅलन्सिंगच्या, म्हणजे चाकांचा तोल साधून देणाऱ्या दुकानांवर एकाच तक्रारीच्या गाड्या लागतात. गावात गाडी लोण्यासारखी चालते. पाळधी सोडून हायवेला लागलं आणि काटा ऐंशीच्या वर गेला की स्टिअरिंग थरथरायला लागतं.

नवा गाडीवाला दुकानात जाऊन सांगतो, "भाऊ, अलाइनमेंट करून द्या." दुकानदार करून देतो, पैसे घेतो, आणि एरंडोलच्या अलीकडेच थरथर पुन्हा हजर. अलाइनमेंट म्हणजे चाकांची तोंडं सरळ करणं. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेनं झिजतो. थरथर हा तिचा आजार नाही. थरथर येते ती कुठलीतरी फिरणारी वस्तू तोल सोडून फिरते म्हणून. ती वस्तू कुठली, एवढंच शोधायचं आहे. त्यासाठी पाना हातात घेण्याआधी कागद-पेन घ्यायचं.

त्याआधी एक सावधगिरी. थरथर एकाएकी सुरू झाली असेल, दर किलोमीटरला वाढत असेल किंवा सोबत टक-टक असा आवाज येत असेल तर परीक्षा वगैरे काही घ्यायची नाही. ॲक्सिलरेटर सोडा, जोरात ब्रेक न मारता गाडी कडेला घ्या आणि आधी चाकांचे नट बघा. गेल्या दोन-चार दिवसांत पंक्चरसाठी चाक काढलं असेल तर संशय तिथेच. नट घट्ट असतील तर टायरवर फुगा आलाय का ते बघा. फुगा दिसला की त्या चाकावर पुढे जायचं नाही, स्टेपनी लावायची.

कागदावर काय लिहायचं

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना हवा तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला चालत नाही. मे महिन्यात दुपारी पंपावर मोजलं तर तापलेला टायर चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. "हवा जास्त झाली" म्हणून ती सोडून दिली की रात्री टायर कमी हवेवर येतो, आणि तो वेगळाच त्रास.

गाडी महिनाभर एका जागी उभी असेल तर टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो. असा चपटेपणा दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर टायर गरम होऊन बहुतेक वेळा निघून जातो. म्हणून आधी तेवढी गाडी फिरवा, मगच नोंदी सुरू करा.

रस्ता सरळ, गुळगुळीत आणि मोकळा हवा. सोबत एक माणूस लिहायला घ्या. चालवणाऱ्यानं लिहायचं नाही. ६०, ७०, ८०, ९०, १०० अशा प्रत्येक वेगाला अर्धा मिनिट स्थिर राहा. त्यापुढे जायची गरज नाही आणि परवानगीही नाही: दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल मर्यादा ताशी १०० किमी आहे, आणि फलकावर कमी लिहिलं असेल तर तेवढीच.

तीन गोष्टी टिपा: थरथर कितीला सुरू झाली, कितीला सर्वांत जास्त, आणि कुठे जाणवली. हातात, म्हणजे स्टिअरिंगला जाणवली तर पुढची चाकं. बुडाखाली, सीटला आणि फ्लोअरला जाणवली तर बहुधा मागची. आरशात मागचा ट्रक धूसर दिसतोय आणि बारीक झिणझिण आहे, तर इंजिन किंवा शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा फिरता दांडा.

आता जिथे थरथर सर्वांत जास्त आहे त्याच वेगाला चार गोष्टी करून बघा.

१. वेग तोच ठेवून पाचव्यातून चौथ्या गिअरमध्ये या. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडनं एक गिअर खाली. इंजिनचे फेरे वाढले, चाकांचे तेवढेच राहिले. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिन निर्दोष, दोष चाकांकडे. थरथरीची जात बदलली तर इंजिनकडे. उतारावर गाडी न्यूट्रल करून हीच परीक्षा घेणारे असतात. तसं करू नका, इंजिनचा ब्रेक हातातून जातो.

२. ॲक्सिलरेटर दाबून बघा, मग पाय उचलून बघा. दाबल्यावर थरथर आणि उचलल्यावर गायब, असं असेल तर ॲक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट.

३. मागे कुणी नाही हे बघून हलका ब्रेक लावा. फक्त ब्रेक लावल्यावरच स्टिअरिंग हलत असेल तर डिस्क, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला आवळतात ती तबकडी. मग चाकांच्या बॅलन्सिंगवर पैसे घालू नका.

४. आपल्याच लेनमध्ये गाडी सावकाश थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे झुकवा. घूं-घूं आवाज एका बाजूला वाढून दुसऱ्या बाजूला कमी होत असेल तर व्हील बेअरिंग. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर जातो, म्हणून उजवीकडे वळताना वाढलेला आवाज बहुधा डाव्या बेअरिंगचा.

एवढा कागद घेऊन गेलात की मिस्त्रीचं "काय व्हयनं?" विचारणं आणि तुमचं "थरथरते" सांगणं यात जाणारा अर्धा दिवस वाचतो.

नव्वदच का?

थरथर ऐंशीच्या आसपास सुरू होते, नव्वद-शंभरला कळस गाठते आणि काही गाड्यांत त्यापुढे कमीही होते. असा उतार-चढाव दिसला तर चाकाचा तोल गेला आहे असं धरून चाला. हिशोब साधा आहे. १८५/६५ आर१५ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ १३ वेळा फिरतं. रिमच्या कडेला ३० ग्रॅम जास्तीचे असतील तर या वेगाला ते चाकाला पावणेचार किलोच्या आसपास ओढ देतात, तीही सेकंदाला १३ वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेनं. वेग निम्मा केला की ओढ चौथाई होते, म्हणून गावातल्या चाळीसला काहीच कळत नाही. आणि सस्पेन्शनवर टांगलेल्या चाकाची स्वतःची हलायची लयही साधारण दहा ते पंधरा वेळा प्रति सेकंदाच्या घरात असते. दोन्ही लयी जुळल्या की झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का बसावा तसं होतं. लय ओलांडली की कमी.

उलट, थरथर वेगाबरोबर वाढतच जात असेल तर रिम, टायर किंवा शाफ्ट बघा. आणि तीस-चाळीसलाच गाडी बदकासारखी डुलत असेल तर ते बॅलन्सिंगचं काम नाहीच. टायरचा आतला पट्टा सुटलाय किंवा रिम चांगलीच वाकलीय.

आधी चिखल

खान्देशात पहिली तपासणी ही, आणि फुकटची. काळी माती ओली असताना डिंकासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी. केळीच्या बागेत ठिबक बघायला किंवा कपाशीच्या शेताच्या बांधापर्यंत कार नेली की हा चिखल रिमच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या मागे, थर धरून बसतो. बाहेरून चाक चकाचक. आत मात्र गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चिखल खाली ओघळून एकाच जागी वाळतो. मूठभर वाळलेली काळी माती सहज शंभर ग्रॅमच्या वर भरते. वरच्या ३० ग्रॅमच्या हिशोबात ती घालून बघा.

बाहेरून पाण्याचा फवारा मारून ती निघत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, चाकाच्या मागून हात घाला, रिमच्या आतल्या गोलाईवरून बोटं फिरवा. गाडी बराच वेळ चालवून आला असाल तर आधी निवू द्या, डिस्क भाजते. ढेकूळ लागलं की पाण्यानं भिजवून दहा मिनिटं थांबा आणि लाकडी पट्टीनं खरवडा. स्क्रूड्रायव्हर नको: अलॉय रिमवर तोल साधायला चिकटवलेली छोटी वजनं त्यानं उपटतात. मागच्या चाकांसाठी जॅक लावावा लागेल.

खरवडताना रिमच्या आत बोटाएवढा चौकोनी, चिकट डाग दिसला आणि त्यावर काहीच नसेल, तर तिथलं वजन पडलंय. डिंक राहिला, वजन गेलं. गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्यानंही हे होतं. लोखंडी रिमवर वजन कडेला क्लिपनं ठोकलेलं असतं. ते दगडावर घासून निघतं आणि कडेवर नुसता ओरखडा राहतो.

माती काढून पुन्हा त्याच रस्त्यावर जा. पावसाळ्यानंतरच्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

जॅकवर

सपाट कडक जागा, हँडब्रेक, विरुद्ध चाकाला पुढून-मागून दगड. चाक काढायचं असेल तरच नट, ते जमिनीवर असताना, थोडे ढिले करा; नुसतं तपासताना घट्टच ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली अंग घालायचं नाही, स्टँड लावायचा.

चाक हातानं फिरवा आणि रिमच्या कडेजवळ एक तार किंवा पेन विटेवर टेकवून स्थिर धरा, जेमतेम फट राहील इतकं. फट एक मिलिमीटरहून जास्त उघडझाप करत असेल तर रिम वाकलीय. आतली कडही तशीच बघा. खड्ड्याचा मार बहुतेक वेळा आतल्या कडेवर बसतो आणि तो बाहेरून दिसत नाही. लोखंडी रिम प्रेसवर बऱ्यापैकी सरळ होते. अलॉयला तडा गेला असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका, बदला.

मग टायरवरून तळहात फिरवा, एकदा पुढे, एकदा मागे, सावकाश. चढ-उतार लागले, एका जागी गाठ आली, तर टायर उठलाय. बाजूच्या भिंतीवर फुगा असेल तर आतले दोर तुटलेत. याला दुरुस्ती नाही. टायरवरचे चार आकडेही वाचा: २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर वाळतं. नक्षी भरपूर उरली असली तरी भिंतीवर बारीक भेगांचं जाळं दिसलं तर तो टायर हायवेचा राहिला नाही.

शेवटी चाक घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खटखटलं तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटखट गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा). ९ आणि ३ वरच खटखट असेल तर टायरॉडचं, म्हणजे स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याचं टोक. ढिल्या जोड्या स्वतः सहसा थरथर निर्माण करत नाहीत, पण आठ-दहा ग्रॅमचा दोष, जो एरवी कळलाही नसता, तो तुमच्या हातापर्यंत पोहोचवतात. म्हणून बॅलन्सिंग करून थोडा फरक पडतो आणि महिन्यात पुन्हा सुरू होतं, अशा गाडीचे लोअर आर्मचे (सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश आधी बघावेत.

मशीनवर चाक चढल्यावर

बाजूला खुर्चीवर बसून चहा पिऊ नका, मशीनपाशी उभे राहा. चाक आतून-बाहेरून धुतलेलं हवं, नक्षीत अडकलेले खडे काढलेले हवेत, जुनी वजनं सगळी काढलेली हवीत. रिमचा व्यास, रुंदी आणि मशीनपासूनचं अंतर हे तीन आकडे मशीनला द्यावे लागतात. आधीच्या गाडीचेच आकडे ठेवून चाक फिरवलं तर मशीन बिनचूक चुकीचं उत्तर देतं.

वजनं लावल्यावर दोन्ही बाजूंना ०० आलं पाहिजे. पण ०० आलं म्हणून लगेच चाक उतरवू देऊ नका. पकड ढिली करायला सांगा, चाक कोनवर (मशीनवर चाक मधोमध बसवणाऱ्या शंकूवर) अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करायला सांगा आणि पुन्हा फिरवा. आता १५–२० ग्रॅम दिसले तर चाक मधोमध बसलेलंच नव्हतं. कोन मळलाय किंवा चुकीच्या मापाचा आहे. ही एक चाचणी मागितलीत की दुकानदारही तुमच्याकडे जरा नीट बघतो.

एका बाजूला ऐंशी-शंभर ग्रॅम मागत असेल तर वजनं ठोकत बसण्यापेक्षा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवून बघावा. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलकी बाजू दाखवतो. तो हवेच्या वॉल्व्हसमोर बसवायचा.

बाभळीच्या काट्यांना कंटाळून बरेच जण टायरमध्ये अँटी-पंक्चर जेल घालतात. हा पातळ पदार्थ गाडी उभी राहिली की तळाशी जमतो आणि सकाळी पहिले काही किलोमीटर चाक लंगडतं. मशीनवर तर दर फेरीला वेगळा आकडा येतो, कारण आतलं वजनच जागा बदलतं. जेल घातलेलं आहे हे दुकानदाराला आधी सांगा. तो काढून, टायर आतून पुसून मगच बॅलन्सिंग. पंक्चरला आतून मश्रूम पॅच लावणं हा बरा उपाय. त्याचे काही ग्रॅम एकदा जमवले की हलत नाहीत.

चाक परत लावताना हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडावरचा गंज आणि माती तारेच्या ब्रशनं साफ करा. तिथे भाताच्या शिताएवढा खडा राहिला तरी चाक वाकडं बसतं आणि मशीनवरचं ०० वाया जातं. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग लागते. ती नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मधोमध बसतं, म्हणजे दर वेळी थोडं वेगळं. नट आधी हातानं, मग समोरासमोरचे असे आळीपाळीनं, शेवटी टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं. बहुतेक छोट्या गाड्यांत ८५ ते ११० न्यूटन-मीटर. नेमका आकडा पुस्तिकेत. एअर गननं करकचून आवळलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर आपल्याच जिवावर येतात.

तरीही राहिलं तर

पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करा. बाण असलेले टायर असतील तर बाजू बदलू नका. थरथर स्टिअरिंगवरून सीटखाली गेली तर दोष नक्की त्या दोन चाकांपैकी एकात. जागा सोडली नाही तर चाकं निर्दोष. हब, डिस्क, ॲक्सलकडे वळा.

डिस्कचं काम कन्नड घाट उतरून चाळीसगावला आलेल्या गाड्यांत हमखास निघतं. सगळा घाट ब्रेकवर उतरायचा, डिस्क लालबुंद करायची आणि खाली आल्यावर पाय ब्रेकवर तसाच दाबून उभं राहायचं: पॅडखालची जागा वेगळी थंड होते, पॅडचा थर तिथे चिकटतो आणि डिस्क जाड-बारीक होते. मिस्त्री याला "डिस्क बेंड" म्हणतात. डायल गेजवर डिस्क ०.१ मिलिमीटर डुलली तरी पायाला कळते. टर्निंग करून, म्हणजे लेथवर घासून सपाट करून घेता येतं, पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जात असेल तर नवी जोडीच टाकावी. एकच बदलू नये.

ॲक्सलच्या आतल्या जॉइंटचा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालं असेल तर ते इंजिनखाली काळ्या पट्ट्यांत दिसतं. नुसता बूट फाटलाय आणि आवाज नाही, तर ग्रीस भरून बूट बदलून भागतं. इंजिन माउंटिंगची थरथर सहसा सिग्नलला उभं असतानाही असते, त्यामुळे ती चाकांत मिसळत नाही.

बोलेरो, स्कॉर्पिओ, इको यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना लांब प्रोपेलर शाफ्ट असतो. तो चाकाच्या साधारण चौपट वेगानं फिरतो, म्हणून त्याची थरथर हलण्यापेक्षा घूं अशी जास्त भासते आणि फ्लोअरमधून येते. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस (फिरता सांधा) हातानं हलवून बघा, जरासाही खेळ नको. शाफ्टवर चिकटलेला चिखल इथेही काढा. आणि शाफ्ट उतरवायचा झाला तर उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या समोरासमोरच्या चकत्यांवर) रंगानं एक सरळ रेघ ओढा; बसवताना रेघ जुळली नाही तर क्रॉस नवा टाकूनही थरथर घेऊनच घरी याल.

काम झालं की ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर, गाडी थंड असताना, चारही चाकांचे नट टॉर्क पान्यानं एकदा परत तपासा. अलॉय असेल तर हे अजिबात चुकवू नका.